थोरलीच्या अंगावरच्या चौकटी

मित्रांनो, मला हात जोडू नका. माझ्या लोखंडी कड्यावर हळदीकुंकवाची पुटं आहेत, दांड्याला लाल नाडा बांधलेला आहे, म्हणून मी देवाची वस्तू वाटत असेन. पण मी मासे उचलायची साधी जाळी आहे. हिरव्या नायलॉनची, गाठीगाठींची, आणि आता पुरती जुनी झालेली. माझी हकिगत सांगताना मला वर पाहवत नाही. खाली पाहूनच सांगते, तुम्ही समजून घ्या.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझं विणकाम कुठेतरी लांब एका मोठ्या यंत्रावर झालं. त्या यंत्राने माझ्या प्रत्येक चौकटीच्या चारी कोपऱ्यांवर एकेक गाठ मारली. दिसायला मोहरीएवढी, पण टणक. माझं कडं कळमेश्वरला एका वेल्डिंगच्या दुकानात वाकवलं गेलं आणि बांबूचा दांडा नागपुरातच बुरडाकडून आला. ताराचंदच्या दुकानात आम्ही सगळे एकत्र झालो. ताराचंद म्हणजे मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत गळ, दोऱ्या आणि जाळ्या विकणारा माणूस. त्याने मला दाराशी उलटी टांगली होती. येणारे-जाणारे माझ्या गाठी बोटांनी ओढून पाहत आणि म्हणत, "मजबूत हाय." ते ऐकून मला फार बरं वाटे. मजबूत असणं म्हणजेच चांगलं असणं, अशी माझी समजूत होती.

नागपूरच्या जुन्या वस्तीत एका देवीच्या देवळामागे लहानसं कुंड आहे. चारी बाजूंना दगडी पायऱ्या आणि मध्ये हिरवं पाणी. त्यात रोहू आणि कटला जातीचे मोठे मासे आहेत. त्यांना कोणी पकडत नाही, कोणी खात नाही. लोक त्यांना कणकेच्या गोळ्या घालतात. तिथे एका बाईंचा नेम होता. त्यांचं नाव पार्वतीबाई. पहाटे आंघोळ, मग तुळशीला पाणी, मग पदराखाली कणकेची वाटी घेऊन कुंडावर. माशांनी गोळ्या खाल्लेल्या डोळ्यांनी पाहायच्या आणि मगच घरी जाऊन स्वतः पाणी प्यायचं. अंगात ताप असला तरी त्यांनी हा नेम मोडला नाही. त्या फार हळू बोलत. समोरच्याला थोडं वाकून ऐकावं लागे.

मला देवळाला त्यांनीच दिलं. पण त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि मासळीबाजाराच्या बाजूची हवासुद्धा त्यांना सोसत नसे. म्हणून देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या गणपतरावांना त्या म्हणाल्या, "भाऊजी, देवीच्या माशांसाठी माझ्याकडून एक जाळी आना. मी काही त्या गल्लीत येत नाही. तुमीच पाहून घ्या."

"कशी पाह्यजे, वयनी?"

"मासे मोठे हायेत. मजबूत आना."

मोठ्या माशांना मजबूत जाळी. यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

दरवर्षी वैशाखात कुंडाचं पाणी तळाला जातं. तेव्हा मासे काढून बाजूच्या हौदात ठेवायचे, कुंडातला गाळ उपसायचा, नवं पाणी भरायचं आणि मासे परत सोडायचे. ते माझं काम. पार्वतीबाईंनी माझ्यासाठीही एक नेम घालून दिला होता. आदल्या दिवशी मला स्वच्छ धुवायचं, उंच दांडीवर वाळत घालायचं, मग मला कोणी शिवायचं नाही. सकाळी काठीने खाली उतरवायचं, हळदकुंकू लावायचं आणि तशीच कोरडी कुंडात न्यायची. सोवळ्यातल्या वस्त्राची व्हावी तशी माझी बडदास्त होती. वैशाखाच्या उन्हात वाळून माझा धागा न् धागा ताठ होई आणि तशीच मी माशाच्या अंगाला भिडे.

मित्रांनो, माशाच्या अंगावर एक बुळबुळीत थर असतो. माणसांना त्याची किळस येते, पण माशाचं ते पांघरूण आहे. पाण्यातला रोग त्या थरापाशीच अडतो. कोरडी जाळी तो थर पुसून घेते. टणक गाठी खवले उचकटतात आणि शेपटीचा पातळ पडदा फाडतात. हे मला कोणी शिकवलं नाही. काम झालं की माझ्याच धाग्यांना काय काय चिकटलेलं आहे, ते मी पाहत होते. माझ्या अंगावर खवले चमकत असत आणि पायऱ्यांवरची माणसं कौतुकाने म्हणत, "पाहा, जाळी कशी चमकून राहिली."

गणपतराव तालमीतले माणूस. दांडा धरून ते मोठा मासा एका झटक्यात वर उचलत. माझा पोटाचा भाग अरुंद आणि खोल. मासा त्यात दुमडून जाई. डोकं आणि शेपटी एकमेकांना लागत. "अरे, फोटो काढा गा लवकर," ते म्हणत आणि सगळे मोबाइल काढत. मासा माझ्यात उसळ्या मारी. जितक्या उसळ्या, तितका तो माझ्या गाठींवर घासला जाई. लोकांना वाटे, मासा किती जोरदार आहे.

मग काही दिवसांनी कुंडात एखादा मासा उलटा तरंगताना दिसे. अंगावर कापसासारखं पांढरं काहीतरी उगवलेलं असे. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे नवीन पाणी मानवलं नाही. पार्वतीबाई म्हणत, माझ्याच नेमात काही कमी पडलं असेल. त्यांनी चहातली साखर सोडली. पुढच्या वर्षी रात्रीचं जेवण सोडलं. मी देवळाच्या पडवीत खुंटीवर लटकलेली असे आणि त्या देवीसमोर वाळत चाललेल्या दिसत. माझ्यापायी एक बाई उपाशी राहत होती आणि मला मात्र दर वैशाखात कुंकू लागत होतं. माझा आवाज त्यांना ऐकू गेला असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे. कदाचित गप्पच बसले असते. कौतुकाची सवय फार वाईट असते.

होता होता कुंडात दोनच मोठे मासे उरले. दोन्ही रोहू. लोक त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. पार्वतीबाई पायरीवर बसल्या की दोघी त्यांच्या पायाशी येऊन तोंड उघडत. त्यांची सून कामिनी थट्टा करी, "आई, तुमाले सून एकच हाय, पण कुंडातल्या दोघींचेच लाड जास्त."

"त्या मले उलटून बोलत नाहीत ना," पार्वतीबाई हळूच म्हणत.

यंदाच्या वैशाखात मी पुन्हा त्या दोघींना उचललं. आधी थोरली, मग धाकटी. लहान मासे बादलीनेच निघाले. तेच कोरडं अंग, तेच झटके, तेच फोटो. गाळ निघाला, नव्या पाण्याने कुंड भरू लागलं. पण दशमीच्या सकाळी हौदात धाकटी मेलेली दिसली.

हौदाचं पाणी उथळ आणि स्वच्छ असतं. कुंडाच्या हिरव्या पाण्यात इतकी वर्षं जे दिसलं नव्हतं, ते इथे दिसलं. पार्वतीबाईंनी पदर खोचला, हौदात हात घातले आणि धाकटीला उचललं. माळ घातल्यापासून त्यांनी माशाला हात लावला नव्हता. धाकटीच्या कुशीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. आडव्या-तिरप्या, एकीला एक लागलेल्या, आणि जिथे रेघा मिळत होत्या तिथे लाल ठिपके. सारख्या मापाच्या चौकटी. कुणी मोजून आखाव्यात तशा.

धाकटीला पायरीवर ठेवून त्या माझ्याकडे आल्या. आपला तळवा त्यांनी माझ्या जाळीवर दाबला, चांगला जोर देऊन दाबला, आणि उचलून पाहिला. तळव्यावर त्याच चौकटी होत्या.

तुम्हाला कधी कुणी काही न बोलता पकडलं आहे का? मला तेव्हा वाटलं, खुंटी तुटावी आणि मी खाली पडावं.

गणपतराव मागून आले. "नजर लागली, वयनी. एवढ्या लोकांनी फोटो काढले."

"नजरेले चौकटी नसतात, भाऊजी," पार्वतीबाई म्हणाल्या आणि तळवा त्यांच्यापुढे धरला.

गणपतराव एकदा तळवा पाहत, एकदा धाकटीला. "मंग का, जाळीनं मारलं म्हनता?"

"मजबूत आना म्हनून मीच सांगितलं होतं."

"आता ते जाऊ द्या. हौदाचं पानी तापून राहिलं. थोरली उद्या दुपारच्या आत कुंडात गेली नाही, तं उकडून मरन. अन् ह्या जाळीबिगर तिले काढाची कशी? हातात मावते का ती?"

पार्वतीबाई हौदाशी वाकल्या. थोरलीच्याही कुशीवर रेघा होत्या, अजून फिकट. एकदा तिने मला सोसलं होतं. पुन्हा सोसणार नव्हती. हे त्यांना कळलं आणि मला तर कळत होतंच.

"मी दुसरी आनतो उद्या," गणपतराव म्हणाले. "उद्या तुमची एकादशी हाय."

"मागच्या वेळी तुमीच आनली होती," पार्वतीबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनीने स्कूटी काढली. नमुन्यासाठी म्हणून मला सोबत घेतलं. पार्वतीबाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली होती आणि उपासाच्या डब्यात उकडलेले आलू.

"आई, गळ्यात माळ, त्यात एकादशी, अन् तुमी मासळीबाजारात. कोनी ओळखीचं पाहीन ना."

"पाहू दे. बसू का मागं?"

गल्लीत शिरताना त्यांनी पदर नाकाला लावला होता. दुकानाशी आल्यावर तो खाली केला. ताराचंदने मला पाहिलं आणि ओळखलं. "ही तं माझ्याच दुकानाची. इतक्या वर्षांत एक धागा नाही तुटला, पाहा."

त्याच्या त्या कौतुकाने मी इतकी खजील झाले, की काय सांगू.

"धागा नाही तुटला, मासे मेले," पार्वतीबाई म्हणाल्या. "मले मोठा मासा न दुखवता उचलाचा हाय. कोनती जाळी देता?"

ताराचंदने दोन-तीन जाळ्या फळीवर टाकल्या. प्रत्येकीला तो चांगलीच म्हणत होता. पार्वतीबाईंनी आधी त्या आपल्या गालावर फिरवून पाहिल्या. मग काही सुचलं तसं त्यांनी डबा उघडला, सालीसकट उकडलेला एक आलू काढला आणि माझ्यात टाकला. "कामिनी, धर वं तिकडून. मासा उसळते तशी हालव."

दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक हसू लागलं. "काकू, हे आलू पकडाची जाळी नाही."

"आलू मरत नाही, म्हनून त्याच्यावर पाहून राहिली," त्या म्हणाल्या.

आलूची साल पातळ असते. माझ्यात आलू जरा हलला नाही तोच ती चिंध्यांसारखी सुटली. माझ्या गाठीगाठीला एकेक तुकडा चिकटला. भर दुकानात सगळ्यांनी तो पाहिला. हसणारं गिऱ्हाईक पुढे येऊन पाहू लागलं.

मग बिनगाठीची सुती जाळी घेतली. तिच्यात साल कमी फाटली, पण धाग्यांना चिकटून बसली. शेवटी ताराचंदने आतून एक काळी जाळी आणली. तिच्या धाग्यांवर रबर चढवलेलं होतं, गाठ कुठेच नव्हती, चौकटी लहान होत्या. म्हणाला, "काही हौशी लोक तलावावर गळ टाकतात, मासा पकडतात, फोटो काढतात अन् परत सोडून देतात. ते हीच जाळी नेतात." तिच्यात आलू टाकला. साल शाबूत राहिली, फक्त एके ठिकाणी जराशी ओढली गेली. पार्वतीबाईंनी तिथे बोट फिरवलं. मग बाटलीतलं पाणी त्या जाळीवर ओतलं आणि दुसरा आलू टाकला. तो घरंगळत फिरला आणि जसाच्या तसा बाहेर आला.

"कोरडी ठेवत होतो आपन, कामिनी," त्या म्हणाल्या. "सोवळ्यासाठी."

ताराचंदने विचारलं, "मासा केवढा हाय?" पार्वतीबाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. तेव्हा त्याने तीच जाळी बसवलेलं मोठं रुंद कडं काढलं. तिचं पोट परातीसारखं पसरट होतं. "ह्याच्यात मासा दुमडन नाही. अन् दांड्यानं उचलू नका, काकू. दोघांनी कडं धरा, पान्याच्या वर जास्त येऊ देऊ नका."

"हे पहिलेच काहून नाही सांगितलं, दादा?" कामिनीने विचारलं.

ताराचंद खरोखरच गोंधळला. "कोनी म्हनलंच नाही ना, की मासा जगवाचा हाय. मजबूत मांगितली, मी मजबूत दिली."

मित्रांनो, त्या दुकानात मी पुष्कळ दिवस टांगलेली होते. मला ओढून पाहणाऱ्यांपैकी एकानेही मला गालावर फिरवून पाहिलं नव्हतं. मी कुणाला फाडणार नाही ना, हे विचारायला हवं, असं त्यांच्या मनात आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा ऊन डोक्यावर येत होतं. हौदाचं पाणी कोमट झालं होतं आणि थोरली वर येऊन तोंड उघडत होती. पार्वतीबाईंनी नवी जाळी सरळ पाण्यात बुडवली. गणपतराव म्हणाले, "वयनी, बाजारातली ओली जाळी तशीच? सोवळं राहीन का?"

"ओलेत्यानं देवीले प्रदक्षिणा चालते ना भाऊजी? मंग तिच्या माशाले काहून चालनार नाही?"

गणपतराव वळले आणि हौदाशी जमलेल्या माणसांना म्हणाले, "मोबाइल ठेवा गा खिशात."

पार्वतीबाई साडीसकट हौदात उतरल्या. समोर कामिनी. दोघींनी कडं धरून जाळी थोरलीच्या खालून सरकवली आणि ती आपसूक वर येईपर्यंत थांबल्या. पाण्याने भरलेल्या टबात तिला ठेवून गणपतरावांनी आणि कामिनीने तो कुंडापर्यंत नेला, पायऱ्या उतरले आणि टब कलता केला. थोरली थोडा वेळ तशीच राहिली. कल्ले हलत होते. मग ती एका बाजूने खोल गेली. मी पडवीतल्या खुंटीवरून नव्या जाळीकडे पाहिलं. ती जराही चमकत नव्हती. एकही खवला तिला लागला नव्हता.

थोरली जगली. तिच्या कुशीवर पांढरं उगवलं नाही. पण ती पायरीशी यायची थांबली. पार्वतीबाई वाटी घेऊन बसत, गोळ्या टाकत, लहान मासे धावून येत आणि थोरली पलीकडच्या भिंतीशी राही. पायरीवर माणसाची सावली पडली की ती खोल जाई. पहिल्या दिवशी पार्वतीबाई दुपारपर्यंत बसून राहिल्या आणि घरी जाऊनही पाणी प्यायल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी कामिनी त्यांना शोधत आली, तर त्या कुंडाकडे पाठ करून बसल्या होत्या. गोळ्या त्यांनी मागच्या मागे टाकल्या होत्या.

"आई, पाहिल्याशिवाय नेम कसा पुरा होईन तुमचा?"

"तिले माझं तोंड पाहावं वाटत नाही वं. नेम तिच्या पोटासाठी हाय, माझ्या डोळ्यांसाठी नाही." मागे पाण्यात जड चुबुक झालं. त्यांनी वळून पाहिलं नाही. "हे, आलं ऐकू. चाल आता, चहा करू."

त्यानंतर माझं काय करायचं, हा प्रश्न आला. गणपतराव म्हणाले, "हळदकुंकवाची वस्तू हाय, कचऱ्यात टाकता येत नाही. तलावात शिरवून देतो." आमच्याकडे पूजेची वस्तू पाण्यात सोडण्याला शिरवणं म्हणतात. मित्रांनो, मी नायलॉनची आहे. मी कुजत नाही. तलावाच्या तळाशी पडले तरी मी जाळीच राहीन, आणि माझ्यात येऊन अडकलेल्या माशाला सोडवायला तिथे कोणीही येणार नाही. मला देवाच्या नावाने पाठवलं जात होतं आणि तिथे मी कायमची तेच करत राहणार होते.

पार्वतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पान्यात नाही," त्या म्हणाल्या. "हिले आता कोनत्याच पान्यात नाही सोडाचं."

आज सकाळपासून मी त्यांच्या मांडीवर आहे. आधी त्यांनी ओल्या फडक्याने माझ्या कड्यावरचं कुंकू पुसलं, दांड्याचा नाडा सोडला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट हलकं वाटलं. मग कात्री घेतली. एकेक चौकट कापून तुकडे बाजूच्या डब्यात टाकत आहेत, म्हणजे वाऱ्याने एकही कुंडात जाऊ नये. तुम्हाला हे सांगता सांगता मी निम्म्याहून जास्त संपले आहे.

मला माझ्या मजबुतीचं कौतुक होतं, तेवढं तुम्ही करू नका. तुम्हाला कधी कुणाला उचलून घ्यायचं असेल, मासा असो, घरट्यातून पडलेलं पिल्लू असो, की तुमचंच आजारी माणूस, तर ज्यात उचलणार ते आधी आपल्या गालाला लावून पाहा. ते रुंद आहे का पाहा, ओलं करा आणि घाई करू नका. ज्याला उचलायचं आहे त्याला पुढे जगायचं आहे, हे दुकानदारालाही सांगा.

आता कड्याजवळची एकच ओळ उरली आहे. तिथल्या गाठी सगळ्यात टणक आहेत. पार्वतीबाईंची बोटं त्यांना घासून सोलवटली आहेत. अंगठ्याजवळ लाल झालेलं मला दिसतं आहे. शेवटच्या घडीलाही मी कुणाला तरी ओरबाडतेच आहे. माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी जवळ असेल तर त्यांना सांगा, बाई, कात्री जरा लांबून धरा.